दोन कचेऱ्या, एक उतारा

जमीन विकत घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. खरेदीपत्र नोंदवायचे ते सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आणि उताऱ्यावर नाव चढवायचे ते मामलेदार कचेरीच्या दप्तरात. पुष्कळ तालुक्यांच्या गावी या दोन कचेऱ्या हाकेच्या अंतरावर असतात. परंतु एकीत घडलेली गोष्ट दुसरीला कळायला एके काळी महिनेच्या महिने लागत. या मधल्या काळात उताऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राही. मालक लबाड असला तर तोच उतारा दाखवून तीच जमीन तो आणखी एकाला विके, किंवा तिच्यावर सोसायटीचे कर्ज उचली. कायदा आधी घेणाऱ्याच्या बाजूने आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 48 व्या कलमाप्रमाणे आधी निर्माण झालेला हक्क नंतरच्या हक्काला हटू देत नाही. पण दुसऱ्याचे पैसे बुडालेले असतात, आणि पहिल्याच्या वाट्याला दिवाणी कोर्टाच्या तारखा येतात.

पुढे दोन्ही कचेऱ्यांत संगणक आले. तरीही ही फट आपोआप बुजली नाही, कारण दोन संगणक शेजारी ठेवले म्हणून ते एकमेकांशी बोलू लागतात असे नाही. सरकारी खात्यांच्या वेगवेगळ्या माहिती-प्रणालींची सांगड कशी घालावी, तिच्या निरनिराळ्या रीतींपैकी कोणती निवडावी, हा संगणकशास्त्राच्या पुस्तकातला प्रश्न म्हणून आपण शिकतो. तो नीट कळायचा असेल तर मात्र पुस्तकापेक्षा आपल्या घरातल्या ट्रंकेतला उतारा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

कर्नाटकाच्या महसूल खात्याने राष्ट्रीय सूचना केंद्राच्या साहाय्याने ‘भूमी’ ही योजना या शतकाच्या आरंभी उभी केली. सुमारे 67 लाख खातेदारांचे 2 कोटींच्या आसपास उतारे संगणकावर आले. तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपये भरले की छापील उतारा हाती पडू लागला, आणि संगणकीकरण पुरे झाल्यावर हातांनी लिहिलेले उतारे कायद्याने बाद ठरवण्यात आले. हा शेवटचा निर्णय महत्त्वाचा. त्यापूर्वी, 1988-89 पासून, केंद्र सरकारने देशातील 8 जिल्ह्यांत भूमी-अभिलेख संगणकावर घेण्याचा प्रयोग सुरू केला होता. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांपैकी एक. अशा प्रयोगांत वारंवार आढळणारा दोष हा, की माहिती एकदा भरली जाते, पण पुढचे फेरफार कागदावरच होत राहतात. मग संगणकातला उतारा वर्षा-दोन वर्षांत शिळा होतो आणि लोक पुन्हा तलाठ्याच्या दप्तराकडे वळतात. भूमी योजनेत नोंद बदलण्याची वाटच एक ठेवली. फेरफाराचा अर्ज आला त्या क्रमानेच तो निकाली काढायचा, आणि नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बोटाचा ठसा जुळल्याशिवाय प्रणाली उघडायची नाही, असा बंदोबस्त झाला.

नोंदणी व मुद्रांक खात्याने याच सुमारास ‘कावेरी’ नावाची आपली स्वतंत्र प्रणाली आणली. ती निराळ्या संस्थेने बांधली, निराळ्या हेतूने बांधली आणि निराळ्या कायद्याखाली बांधली. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सब-रजिस्ट्रारचे काम दस्त नोंदवण्याचे. करून देणारा आणि घेणारा समोर आहेत ना, ते तेच आहेत ना, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे ना, हे त्याने पाहावे. विकणारा त्या जमिनीचा खरोखर धनी आहे की नाही याचा निवाडा करण्याचा भार त्या कायद्याने त्याच्यावर मूळात टाकलेलाच नव्हता. उलट उताऱ्यावरील नोंद महसूल खात्याची. कर्नाटक भू-महसूल कायदा, 1964 याच्या 133 व्या कलमाप्रमाणे ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे एक खाते व्यवहार झाल्याचा पुरावा ठेवते आणि दुसरे त्या व्यवहाराचा परिणाम लिहिते. या दोहोंमधून जाणाऱ्या खबरेला कर्नाटकात ‘जे-स्लिप’ म्हणतात. पूर्वी हा कागदच होता, आणि कागदाचे जे होते ते त्याचे होई.

आता प्रश्न असा, की ही खबर संगणकाने कशी पोचवावी?

वर्गात हा प्रश्न घातला की बहुतेक विद्यार्थी मधोमध एक मोठे पिंप काढतात आणि सगळीकडून त्यात बाण सोडतात. पिंप म्हणजे एकच सामाईक माहितीसाठा. महसूल, नोंदणी, मोजणी, ग्रामपंचायत, सगळ्यांनी त्याच एका नोंदवहीत लिहावे. मग खबर पोचवण्याचा प्रश्नच उरत नाही. दिसायला हे उत्तर सर्वांत स्वच्छ आहे, आणि एकाच खात्याच्या आत, एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली, ते पुष्कळदा बरोबरही असते. पण दोन खात्यांमध्ये त्याची अडचण यंत्राची नसून अधिकाराची असते. उद्या उताऱ्यावर चुकीचे नाव चढले तर जाब कोणी द्यायचा? ज्याच्या हातून कळ दाबली गेली त्या सब-रजिस्ट्रारने, की ज्याच्या कायद्याखाली ती नोंद आहे त्या तहसीलदाराने? हरकत कोणापुढे घ्यायची आणि अपील कोणाकडे करायचे? नोंदवही एक झाली तरी कायदे दोन राहतात, आणि पिंपात ओतलेले पाणी कोणाच्या विहिरीचे ते सांगता येत नाही. शिवाय चालू असलेल्या दोन प्रणाली मोडून तिसरी बांधायची म्हणजे राज्यभरची दप्तरे मध्येच थांबवायची. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेने 2002 मध्ये देशभरच्या रुग्णालयांसाठी अशीच एक प्रचंड, वरून ठरवून दिलेली माहिती-योजना हाती घेतली होती. अब्जावधी पौंड खर्ची पडल्यावर 2011 मध्ये ती गुंडाळण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. तेथे यंत्रे नव्हती किंवा माणसे अडाणी होती असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी रीत म्हणजे थेट जोडणी. कावेरीतून भूमीकडे एक वाट काढायची. रोज रात्री दिवसभराच्या दस्तांची फाइल तिकडे धाडायची, किंवा दस्त नोंदला की तत्क्षणी संदेश सोडायचा. दोनच खाती असतील तर यासारखी सोपी आणि स्वस्त रीत नाही, आणि ती कमी प्रतीची समजण्याचे कारणही नाही. अडचण येते ती संख्येची. पाच प्रणाली एकमेकींशी थेट जोडायच्या तर 10 वाटा लागतात, दहा प्रणालींना 45, वीस प्रणालींना 190. शेतजमिनीचा उतारा भूमीत, मोजणीचा नकाशा ‘मोजिनी’त, गावठाणातील घराचे खाते ग्रामपंचायतीच्या ‘ई-स्वत्तु’त आणि शहरातील मिळकतीचे ‘ई-आस्ती’त, अशी कर्नाटकात दप्तरे विभागलेली आहेत; नोंदणी कचेरीला या सर्वांशी बोलावे लागते, विशेषतः 2024 मध्ये नोंदणीसाठी ई-खाते आवश्यक करण्यात आल्यापासून. त्यात बँका, सोसायट्या आणि कोर्टे यांची भर. एका खात्याने आपल्या नमुन्यात एक रकाना वाढवला की प्रत्येक वाटेवर दुरुस्ती करावी लागते, आणि ती वाट बांधणारा कंत्राटदार तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

यातून तिसरी रीत निघाली. तिचे बहुश्रुत उदाहरण एस्टोनिया या सुमारे 13 लाख वस्तीच्या देशाचे आहे. सोव्हिएत संघापासून 1991 मध्ये तो सुटला तेव्हा मोठे मध्यवर्ती माहितीकेंद्र बांधण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता, आणि सगळी माहिती एका जागी गोळा करणाऱ्या सरकारचा अनुभव ताजा होता. 2001 मध्ये त्याने ‘एक्स-रोड’ नावाची देवघेवीची व्यवस्था सुरू केली. तिच्यात माहिती साठवली जात नाही. प्रत्येक खात्याने आपली नोंदवही आपल्याच घरी ठेवायची. दुसऱ्याला काही हवे असेल तर ठरलेल्या नमुन्यात विचारायचे. विचारणाऱ्याच्या आणि उत्तर देणाऱ्याच्या दारात एकेक सुरक्षा-यंत्र बसवलेले असते. ते प्रत्येक संदेशावर सही करते, तो कुलूपबंद करते, त्यावर वेळेचा शिक्का मारते आणि दोन्ही बाजूंना त्याची नोंद ठेवते. आपल्या जुन्या कारकुनी भाषेत बोलायचे तर ही केवळ एक चोख आवक-जावक बारनिशी आहे. ‘कागद मिळालाच नाही’ असे येथे कोणाला म्हणता येत नाही. याला जोडून तेथील कायद्याने असेही ठरवले आहे, की जी माहिती एका सरकारी नोंदवहीत आहे तीच गोळा करण्यासाठी दुसऱ्या खात्याने नवी नोंदवही उघडायची नाही. माझ्या मते त्या देशाच्या यशात या कायद्याचा वाटा यंत्रांपेक्षा मोठा आहे. पण आपल्याकडे एक्स-रोडची वर्णने करताना तो बहुधा गाळला जातो.

जमिनीच्या बाबतीत निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा: नोंद बदलण्याचा अधिकार कोणाचा, आणि चुकीबद्दल जाब देणारा कोण? तो ज्याचा, नोंदवही त्याच्याकडेच राहिली पाहिजे. उताऱ्याच्या बाबतीत तो महसूल खात्याचा आहे. तेव्हा पिंपाची रीत येथे मागे पडते, आणि निवड उरते ती थेट वाट आणि सामाईक टपालव्यवस्था यांतली. ती जोडायच्या खात्यांच्या संख्येवरून ठरवता येते. कर्नाटकात भूमी आणि कावेरी एक केल्या गेल्या नाहीत. त्या जोडल्या गेल्या. नोंदणीच्या वेळी जमिनीचा तपशील भूमीतून घ्यायचा आणि दस्त झाल्यावर जे-स्लिप संगणकातूनच फेरफारासाठी पाठवायची, असा हा जोड आहे.

त्यात एक बारकावा आहे आणि तो विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. वाचणे आणि लिहिणे या दोन गोष्टींना एकच रीत लागू करू नये. दस्त नोंदण्यापूर्वी उतारा पाहायचा तो त्या क्षणीचाच असला पाहिजे. काल रात्रीची प्रत पाहून चालणार नाही, कारण दुसऱ्यांदा विक्री करणारा नेमका त्या एका रात्रीचा फायदा घेतो. म्हणून वाचन प्रत्यक्ष हवे. आणि भूमीचा सर्व्हर बंद असेल तर नोंदणी थांबली तरी चालेल, इतके ते आवश्यक आहे. (खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पक्षकाराला हे पटवणे कठीण, हे मला मान्य आहे. तो बिचारा दिवसाची मजुरी बुडवून, साक्षीदारांना जीपमध्ये घालून आलेला असतो.) लिहिण्याचे तसे नाही. फेरफाराची खबर रांगेत थोडी थांबली तरी बिघडत नाही. फक्त ती हरवता कामा नये, दोनदा पोचली तरी नोंद एकदाच व्हावी, आणि पोच परत आली पाहिजे. पोच न आलेल्या खबरांची यादी रोज सकाळी कोणीतरी पाहिली पाहिजे. ही यादी पाहणारा माणूस नेमलेला नसला तर उत्तमातली उत्तम जोडणी सहा महिन्यांत कुजते.

आणखी एक गोष्ट. खबर पोचली की नाव आपोआप चढावे काय? संगणकाला ते क्षणात करता येईल. परंतु फेरफारापूर्वी संबंधितांना नोटीस देऊन हरकतीस मुदत ठेवण्याची पद्धत कायद्यानेच घातलेली आहे. भाऊ, कूळ, आधीचा कर्जदाता यांना बोलण्याची ती संधी असते. तो विलंब हेतुपूर्वक ठेवलेला आहे आणि जोडणीने तो खाऊन टाकू नये. मात्र या मुदतीच्या काळात उताऱ्यावर ‘फेरफार प्रलंबित’ एवढे तरी दिसले पाहिजे, म्हणजे उतारा वाचणारा तिसरा माणूस फसत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या सांगडीचे खरे फळ या दोन शब्दांत आहे.

आता किल्लीचा प्रश्न. दोन नोंदवह्या जोडायच्या म्हणजे एकीतली कोणती ओळ दुसरीतल्या कोणत्या ओळीची, हे कळायला हवे. नावावरून ते कळत नाही. आपल्या सीमाभागात तर मुळीच नाही. घरात नाव मराठी, उतारा कन्नड लिपीत आणि बँकेचे पासबुक इंग्रजीत. ‘ज्ञानेश्वर’ हे एकच नाव इंग्रजी अक्षरांत कोणी ‘डी’ने आरंभ करून लिहितो, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने, आडनाव पाटील असले तर एका गावात एकाच बापाचे नाव लावणारे तसे तिघे निघतात. संगणकाला हे तीन ज्ञानेश्वर तीन माणसे वाटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिघे मिळून एकच माणूस वाटतो.

म्हणून किल्ली माणसाची न घेता जमिनीची घ्यावी लागते: गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा. तीही वाटते तितकी सरळ नाही. कुठे सर्व्हे नंबर, कुठे ब्लॉक नंबर, शहरात सिटी सर्व्हेचा नंबर. आणि 45/2 चे वाटप होऊन 45/2अ आणि 45/2ब झाले, की जुन्या दस्तातील 45/2 म्हणजे यांपैकी कोणता, हे फक्त बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक. कर्नाटकात तुकडा विकायचा असेल तर आधी मोजणी करून 11-ई नकाशा काढावा लागतो तो यासाठीच. पोटहिस्सा आधी मोजला, त्याला नंबर मिळाला, मगच दस्त. म्हणजे दस्तात आणि उताऱ्यात एकच किल्ली लागते. केंद्र सरकारने 2021 पासून जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला 14 अंकाक्षरी ओळख-क्रमांक देण्याची जी योजना आणली तिचाही हेतू हाच आहे. मात्र मोजणीच चुकलेली असेल तर नवा क्रमांक जुन्याच चुकीला चिकटतो.

सरहद्दीपलीकडे चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यात ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना महाराष्ट्रातील रीत परिचित असेल. तेथेही नोंदणी खात्याची ‘आय-सरिता’ आणि महसूल खात्याची ‘ई-फेरफार’ अशा दोन प्रणाली वेगळ्या ठेवून जोडल्या आहेत. दस्ताची खबर आली की तलाठी नोंद धरतो, 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. परंतु मला त्याहून आवडली ती 2017 मधली एक मोहीम. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांत फरक पडलेले होते. ते काढण्यासाठी गावोगाव चावडी-वाचन करण्यात आले. संगणकातला उतारा गावापुढे मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चूक सांगायची. माहिती शुद्ध करण्याची निरनिराळी तंत्रे आम्ही फळ्यावर शिकवतो. इतके जुने आणि इतके अचूक तंत्र आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. सांगड घालण्याआधी दोन्ही बाजूंची माहिती अशी तपासून घेतली नाही, तर जोडणीने होते काय, तर एका कचेरीतली चूक पूर्वी महिन्याने दुसऱ्या कचेरीत जाई ती आता दोन सेकंदांत जाते.

इथवर आपण जे पाहिले ते दस्त असलेल्या व्यवहारांबद्दल. परंतु खेड्यात जमीन पुष्कळदा खरेदीने न बदलता मरणाने बदलते. आजोबा वारले, दस्त नाही, म्हणून सब-रजिस्ट्रार नाही, म्हणून खबरही नाही. कोणी वर्दी दिली तर वारसा लागतो. न दिली तर मेलेल्या माणसाच्या नावाने उतारा वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि पीकविमा, कर्ज, नुकसानभरपाई या प्रत्येक खिडकीवर हयात माणूस अडतो. यावर सुचणारा उपाय म्हणजे मृत्यूची नोंदवही भूमीशी जोडणे. कर्नाटकात जन्म-मृत्यूच्या नोंदी ‘ई-जन्म’ या प्रणालीत होतात. तिच्यातून संदेश निघाला की ‘हा खातेदार वारला’ इतके उताऱ्यापर्यंत पोचवता येईल आणि निदान त्या नावाने होणारी खोटी विक्री तरी अडेल.

पण वारला कोण एवढेच त्या नोंदवहीला ठाऊक असते. वारस कोण, हे नसते. ते वंशावळीवरून ठरते, आणि वंशावळ सांगणारा बहुधा घरातला कर्ता मुलगा. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. तरी लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचे नाव वंशावळीत लिहायचे राहून जाते, कधी विसरून, बहुधा न विसरता. जोडलेल्या कोणत्याही नोंदवहीत ती त्या घरची मुलगी म्हणून एकत्र दिसत नाही: तिचे रेशनकार्ड सासरच्या गावचे, आडनाव सासरचे, आणि जन्म घरी झालेला असल्याने जन्माची नोंदही नसण्याचा संभव. येथे तलाठ्याला गावात जाऊन, चार शेजाऱ्यांना बोलावून, ‘यांना मुली किती?’ असे तोंडाने विचारावे लागते.